फिल्टर बदलण्याआधी टाकी उतरवा

वेरूळ, खुलताबाद, कन्नड या पट्ट्यात ज्यांच्या दारात पंधरा-वीस वर्षांची सुमो, क्वालिस, बोलेरो किंवा स्कॉर्पिओ उभी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. या गाड्या आपल्याकडे कुणी हौसेसाठी ठेवलेल्या नाहीत. अडलेल्या बाळंतिणीला रात्री घाटी रुग्णालयात नेणारी गाडी तीच, अद्रकाची पोती मोंढ्यावर पोचवणारी तीच आणि श्रावणात पाहुण्यांना घृष्णेश्वराच्या दर्शनाला आणणारीही तीच. सुमो १९९४ मध्ये आली, बोलेरो आणि क्वालिस २००० मध्ये, स्कॉर्पिओ २००२ मध्ये. क्वालिस तर २००५ मध्ये बंदही झाली, तरी ती अजून आपल्या रस्त्यांवर दिसते. इंजिनं दणकट होती म्हणून या गाड्या टिकल्या. पण इंजिन टिकलं म्हणजे त्याला डिझेल पुरवणारी पत्र्याची टाकी आणि लोखंडी पाइपही टिकले, असं धरून चालू नका. इंजिन कितीदा तरी उघडलेलं असतं. टाकी मात्र गाडी घेतल्यापासून एकदाही खाली उतरलेली नसते.

दुखणं सुरू होतं ते अगदी साध्या गोष्टींनी. सकाळी गाडी लवकर उचलत नाही, फिल्टरवरचा हातपंप दाबावा लागतो. सपाटीवर नीट चालते, पण दौलताबादचा घाट चढताना दम टाकते. गाडी थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालते. मग फिल्टर बदलला जातो आणि आठ-पंधरा दिवस बरं चालतं. त्यानंतर पुन्हा तेच. "मामा, फिल्टर तर मागच्याच महिन्यात टाकला," असं मालक म्हणतो. "मग पंप उतरवावा लागेल," असं मिस्त्री म्हणतो.

इथं थांबा. माझं कळकळीचं सांगणं याच क्षणाबद्दल आहे. पंप उतरवायला, नोझल काढायला हो म्हणू नका. आधी टाकी बघा, आधी पाइप बघा.

जुन्या डिझेल गाड्यांत बहुधा टाकीत मोटर नसते. इंजिनाजवळचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. त्या पाइपाला गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तर बाहेर थेंबही गळत नाही. उलट तिथून हवा आत ओढली जाते. खाली ओल नाही, वास नाही, त्यामुळे "लीकेज कुठंच नाही" असं सगळे म्हणतात आणि गाडी मात्र हवा धरत राहते. रात्रभर उभी राहिली की पाइपातलं डिझेल मागं टाकीत उतरतं, म्हणून सकाळी हातपंप मारावा लागतो. चढावर इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, हवाही जास्त शिरते. घाटात दम लागण्याचं हे एक मोठं कारण. दुसरं कारण टाकीच्या आत असतं, त्याच्याकडे पुढे येतो.

हे ओळखायची एक सोपी रीत चांगल्या मिस्त्रीला माहीत असते. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडायचा आणि इंजिन चालू करायचं. बुडबुडे पळताना दिसले की हवा मागून येते आहे. मग स्वच्छ कॅनमध्ये चांगलं डिझेल घेऊन फिल्टरकडे येणारी नळी थेट त्या कॅनमध्ये सोडायची, रिटर्नची नळीही त्यातच. कॅनवर गाडी बिनतक्रार चालली, तर पंप आणि नोझल निर्दोष आहेत. खोट टाकीत किंवा पाइपात आहे. अर्ध्या तासाचं हे काम आहे. हे करून न बघता जो पंप उतरवायला घेतो, त्याला नम्रपणे सांगा की आधी कॅन लावा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही.

आता पाइप. गाडी रॅम्पवर घ्या आणि चेसीच्या कडेनं जाणारा पाइप हातानं चाचपत टाकीपासून पुढे या. मोकळ्या जागी तो बहुधा चांगला दिसतो. गंज लागतो तो जिथं क्लिपनं पाइप चेसीला धरलेला असतो तिथं, बरोबर क्लिपच्या खाली, आणि टाकीच्या वरच्या अंगाला, जिथं नजर पोचत नाही. क्लिप सोडवून बघा. आत वाळलेली काळी माती भरलेली असते. ती खरवडली की खाली पाइपाचा रंग उडालेला, पृष्ठभाग फुगून खवल्यांसारखा झालेला दिसतो. तिथं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोका. चांगला पाइप खणखणतो, गंजलेला बद्द आवाज देतो, आणि कधी कधी तिथंच खवला निघून डिझेलची ओल दिसते. ओल दिसली तर नशीब समजा. दोष गावातच सापडला, घाटात नाही.

आपली काळी माती हे या गंजाचं पहिलं कारण आहे. मुरमाड भागातली माती वाळली की गळून पडते. काळी माती चिकटते आणि ओल धरून ठेवते. पावसाळ्यात शेताच्या वाटेनं गेलेली गाडी आपण वरून धुतो, काचा चमकवतो, पण चेसीच्या खोबणीत, टाकीच्या पट्ट्यामागं आणि टाकीवरच्या रबरी गादीखाली बसलेला चिखल तसाच राहतो. पाऊस थांबला तरी तिथला ओलावा बरेच दिवस जात नाही. दुसरं कारण खत. पोटॅशची गोणी म्हणजे क्लोराइडचा क्षार. गोणी फाटून त्याची भुकटी मागच्या पत्र्यावर सांडते, फटीतून खाली उतरते, हवेतला दमटपणा ओढून घेते आणि लोखंड खाते. बर्फाळ देशांत रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिथल्या गाड्या खालून सडतात. अमेरिकेत फोर्ड कंपनीनं २०११ मध्ये सुमारे अकरा लाख पिकअप परत बोलावले होते, कारण टाकी पेलणारे लोखंडी पट्टे गंजून तुटत आणि टाकी रस्त्यावर लोंबकळत असे. आपल्याकडे मीठ रस्त्यावर नाही, पण खताच्या रूपानं आपणच ते गाडीत नेतो. खत वाहिलेली गाडी त्याच दिवशी आतून झाडून, खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवून घ्या आणि उन्हात वाळू द्या. ओल्या गाडीवर लगेच ताडपत्री टाकू नका.

हे झालं बाहेरचं. टाकीचा आतला गंज त्याहून फसवा, कारण तो पाण्यानं होतो आणि पाणी आपण कधी घातलेलं नसतं. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते, आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर दवासारखा धरतो आणि थेंब खाली ओघळतात. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाला जाऊन बसतं आणि तिथला पत्रा खातं. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात त्या थरावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचा काळपट बुळबुळीत थर तयार होतो आणि त्यातून आम्ल सुटतं. अशी टाकी उतरवून डिझेल परातीत ओतून बघितलं आहे का कुणी? वर पिवळसर डिझेल, खाली चहासारखं तांबडं पाणी, आणि सगळ्यात शेवटी जाडसर तपकिरी गाळ, जो बोटांत चोळला की वाळूसारखा कचकचतो. सक्शन पाइपाच्या तोंडाची जाळी त्या गाळानं लिंपलेली असते. चढावर गाळ हलतो, जाळीवर येऊन बसतो, डिझेल तुटतं. गाडी थांबली की गाळ खाली बसतो आणि दहा मिनिटांनी गाडी काहीच झालं नाही अशी चालू लागते. मघाशी म्हटलं ते दुसरं कारण हेच. असल्या टाकीवर नवा फिल्टर लावणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली बदलत राहणं.

शेतकरी घरांत आणखी एक वाट आहे पाणी शिरायची. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये डिझेल आणलेलं असतं, त्यातलंच थोडं जीपमध्ये ओततो. ड्रम उघड्यावर, झाकण सैल, वरून पाऊस. ओतताना कापड धरतो, पण कापड कचरा अडवतं, पाणी नाही. आणि ड्रम जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर तो डिझेलसाठी वापरूच नका. डिझेलमध्ये जस्त उतरतं आणि पुढे नोझलवर जमतं. ड्रम थोडा तिरका ठेवा, दोन दिवस हलवू नका आणि तळाचं चार बोटं डिझेल गाडीत घालू नका.

पाणी वेळेवर काढण्याची सोय गाडी बनवणाऱ्यांनी करून ठेवलेली आहे. डिझेल फिल्टरच्या खाली छोटा नॉब किंवा बोल्ट असतो. तो सैल करून खाली काचेची बाटली धरा, थोडं डिझेल काढा आणि बाटली उन्हात धरून बघा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, नॉब घट्ट करा, हातपंप मारून हवा काढा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करायला हवं. हे काम घरातल्या मुलालाही शिकवा आणि मुलीलाही. दरवेळी तांबडं पाणी येत असेल तर टाकी आतून गंजली हे नक्की समजा.

२००५ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत कॉमन रेल आहे. इनोव्हा, नंतरच्या स्कॉर्पिओ यांत तेच. तिथं डिझेल हजार बारच्या वरच्या दाबानं नोझलला जातं. चाकात आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. एवढ्या दाबाच्या कामात गंजाचा डोळ्याला न दिसणारा कणही पंपाला आणि नोझलला घासून काढतो. चार नोझल आणि पंप यांचा खर्च जुन्या गाडीच्या उरलेल्या किमतीशी बरोबरी करायला जातो. म्हणून कॉमन रेलच्या मालकांनी तर टाकीच्या बाबतीत दिरंगाई करूच नये. आणि इंजिन चालू असताना त्या दाबाच्या नळीवर गळती बोटानं कधीही तपासू नका. ती धार कातडी भेदून आत जाते. तसं झालं तर जखम किती लहान दिसते याकडे बघू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

पेट्रोलवाल्यांचं थोडं वेगळं आहे. जिप्सीसारख्या जुन्या पेट्रोल गाड्या आपल्याकडे कमी असल्या तरी आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल देशात विक्रीला आलं आणि आता ते सगळीकडे मिळतं. ते इथेनॉल आपल्याच उसाचं, आपल्याच धान्याचं आहे, आणि त्याला पैसा मिळतो ही शेतकऱ्याच्या हिताची गोष्ट आहे. पण जुनी गाडी त्यासाठी बनवलेली नाही, हेही तितकंच खरं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात, तळाला बसतात आणि पत्र्याच्या टाकीला गंज चढवतात. जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात, नंतर तडकतात. त्यामुळे पेट्रोलची जुनी गाडी असेल तर रबरी नळ्या आणि टाकीच्या झाकणाचा रबर इथेनॉल चालणाऱ्या मालाचे बदलून घ्या आणि गाडी भरल्या टाकीनिशी दीर्घकाळ उभी ठेवू नका, चालवत राहा. डिझेलवाल्यांना मी उलटं सांगेन: पावसाळ्यात टाकी निम्म्याच्या वर ठेवा, म्हणजे आत दव धरायला जागाच कमी राहते.

आता जीवावरचं. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना घाटात इंजिन अचानक बंद पडलं तर काय होतं, याचा विचार प्रत्येक चालकानं आधीच करून ठेवावा. पॉवर स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनावर अवलंबून असतो. इंजिन थांबलं की साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन दाब मिळतात, त्यानंतर पाय पूर्ण ताकदीनं मारावा लागतो. म्हणून ब्रेक वारंवार सोडू-धरू नका. एकदाच धरून गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, खालच्या गियरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. चावी काढून घेऊ नका, स्टिअरिंगचं कुलूप बसतं. आणि माणसं आधी उतरवा, सगळी, म्हातारी-कोतारीसुद्धा, रस्त्याच्या कडेला डोंगराच्या अंगानं. २०२१ च्या ऑगस्टअखेर अतिवृष्टीनं याच घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला. अशा रात्री ज्याची गाडी नीट आहे त्याचीही कसोटी लागते. हवा धरणारी गाडी घेऊन माणसं भरून घाटात जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

त्याच अतिवृष्टीत चाळीसगावात पुराचं पाणी शिरलं होतं. गाडी पुराच्या पाण्यात टाकीपर्यंत बुडाली असेल तर स्टार्टर मारून बघण्याचा मोह आवरा. झाकणातून आणि टाकीच्या श्वासनळीतून पाणी आत गेलेलं असतं. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, एअर क्लीनर उघडून बघा, मगच चावी फिरवा.

टाकी गंजलेली निघाली तर पुढे काय, यावर गॅरेजमध्ये तीन सल्ले मिळतात. गिट्टी किंवा साखळी घालून टाकी हलवा, हा एक. त्यानं सुटा गंज निघतो, पण टाकीत आडव्या पाट्या असतात, त्यांच्यामागचा गंज तसाच राहतो आणि तळ आणखी पातळ होतो. दुसरा सल्ला संडास धुवायचं अॅसिड घालण्याचा. ते करूच नका. त्यानं गंज जातो आणि उघडा पडलेला पत्रा काही तासांत पुन्हा तांबडा होतो. तिसरा सल्ला आतून लेप देण्याचा. पत्रा पूर्ण स्वच्छ आणि कोरडा नसेल तर तो लेप पापुद्र्यानं सुटतो आणि जाळीत जाऊन बसतो. माझं मत स्पष्ट आहे: टाकीचा तळ बोटानं दाबून दबत असेल किंवा एकही भोक पडलं असेल, तर टाकी बदला. नवी मिळत नसेल तर अपघातात गेलेल्या गाडीची चांगली टाकी शोधा, आत टॉर्चनं बघून घ्या. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांमुळे आपल्या जिल्ह्याच्या शहरात पत्र्याचं चोख काम जाणणारे कारागीर आहेत. जुन्या मापाची नवी टाकी बांधून देणाराही सापडतो.

पाइप बदलताना तांब्याचा घालू नका, तो डिझेल-पेट्रोल लवकर खराब करतो. लोखंडी पाइपाच्या जागी अख्खी रबरी नळी टाकून वरून तार गुंडाळणं हाही उपाय नव्हे. जोडासाठी रबर लागेलच, पण ते इंधनासाठी बनवलेलं घ्या, पाण्याची नळी नको. गळतीवर साबण चोळतात, एम-सील लावतात. रस्त्यात अडकल्यावर गॅरेज गाठण्यापुरतं ते चालेल, त्यापुढे एक किलोमीटरही नाही.

आणि वेल्डिंग. मिस्त्री दादांनो, हे तुम्हाला हात जोडून सांगतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ कोंडलेली असते. पेट्रोलची तर असतेच, डिझेलचीही वेल्डिंगच्या उष्णतेनं तयार होते. "दोन दिवस उन्हात ठेवली होती", "पाण्यानं धुतली होती" म्हणून टाकीला वेल्डिंगचा टॉर्च लावू नका. हे काम ज्याच्याकडे टाकी वाफेनं धुवायची सोय आणि अनुभव दोन्ही आहे त्याचंच. टाकी उतरवताना बॅटरीचं टर्मिनल काढा, बिडी-सिगारेट लांब ठेवा, आणि उजेडासाठी वायरवर लोंबणारा काचेचा बल्ब वापरू नका. तो फुटला की त्याची तार ठिणगीचंच काम करते. बॅटरीवरचा एलईडी टॉर्च घ्या. गॅरेजमध्ये आग विझवायचं सिलिंडर नसेल तर किमान दोन बादल्या कोरडी वाळू जवळ असू द्या. पाणी नको, पेटलेलं डिझेल पाण्यावर तरंगत पसरतं.

भाड्यानं माणसं नेणाऱ्यांना एक वेगळी विनंती. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला आणि शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला गर्दी असते, एकामागून एक फेरा मिळतो, गाडी उभी ठेवणं परवडत नाही हे मला समजतं. म्हणूनच टाकी आणि पाइप आषाढातच बघून घ्या. फिटनेस सर्टिफिकेट हातात आहे म्हणून टाकीच्या आतली तपासणी झाली असं समजू नका. ती तपासणी बाहेरून होते. गाडीत डिझेलचा वास येत असेल तर प्रवाशांनी चालकाला विचारावं, आणि चालकानं त्यांना गप्प करू नये.

शेवटी, उतरवलेल्या टाकीतल्या गढूळ डिझेलचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. ते गाळून ट्रॅक्टरमध्ये घालू नका, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर ठळक लिहून ठेवा आणि जुनं ऑइल नेणारा परवानाधारक गॅरेजवर येतो त्याच्याकडे द्या.